स्कूटरची बॅटरी घरात कुठे लावायची? लिथियम बॅटरी, चार्जिंग आणि आग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बावीस वर्षं मी पुण्यात वायरिंगची कामं घेतो. पूर्वी सोसायटीच्या मीटिंगला बोलावणं यायचं ते पंपाच्या पॅनलसाठी, नाहीतर कॉमन मीटरचं बिल का फुगलं हे सांगायला. हल्ली विषय एकच असतो : बॅटरी. तेच तेच प्रश्न दर वेळी येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. भर स्कूटरच्या सुट्या काढता येणाऱ्या बॅटरीवर आहे, कारण घरात उचलून आणली जाणारी सगळ्यात मोठी बॅटरी तीच. मोबाइल आणि पॉवर बँकबद्दल खाली थोडं आहे.

लिथियम बॅटरी पेटते म्हणजे नेमकं काय होतं?

स्कूटरची बॅटरी म्हणजे एक डबा नव्हे, ती वस्ती आहे. आत घड्याळाच्या पेन्सिल सेलपेक्षा जरा जाड आणि लांब असे शे-दोनशे सेल शेजारी शेजारी बसवलेले असतात. नेहमीचा सेल १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. त्यात धातूच्या दोन पट्ट्या गुंडाळलेल्या, मध्ये प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा आणि सगळं एका द्रवात भिजलेलं. हा द्रव थिनरसारखा भडकणारा असतो. बॅटरी आपटली, सेलमध्ये मुळातच दोष असला किंवा गरजेपेक्षा जास्त चार्ज झाला, की तो पापुद्रा कुठेतरी फाटतो आणि आतल्या आत शॉर्ट होतो. सेलचं तापमान शंभरच्या पुढे सरकलं की आतली रसायनं स्वतःच उष्णता तयार करू लागतात. मग बाहेरून वीज बंद करूनही उपयोग नसतो. एका सेलची आग शेजारच्याला लागते, त्याची पुढच्याला. याला थर्मल रनअवे म्हणतात.

दोन किलोवॅट-तासांच्या बॅटरीत दोन युनिट वीज साठलेली असते. हजार वॅटची इस्त्री दोन तास चालवायला लागते तेवढी. ती काही मिनिटांत बाहेर पडते, वर तो द्रव जळतो तो वेगळाच.

पार्किंगमध्ये सोय नाही. घरातच लावायची तर कुठे?

या पानावरचा एकच प्रश्न वाचणार असाल तर हा वाचा.

मी फ्लॅटमध्ये गेलो की बॅटरी बहुतेक वेळा एकाच जागी दिसते : दारातून आत शिरल्यावर उजवीकडे नाहीतर डावीकडे, चपलांच्या रॅकला टेकून. कारण सरळ आहे. दहा-बारा किलोचं धूड लिफ्टमधून आणायचं, दार उघडलं की खाली ठेवायचं, आणि तिथेच बेलच्या बोर्डावर एक सॉकेट असतं. सकाळी जाताना उचलायलाही सोपं.

आता आपल्या घरांची रचना आठवा. बाहेर पडायला दार एकच. खिडक्यांना ग्रिल, बाल्कनीलाही ग्रिल, आणि त्या ग्रिलला उघडणारं झडप असलंच तर त्याची कुलपाची किल्ली कुठल्या डब्यात आहे हे कुणालाच आठवत नाही. म्हणजे दाराजवळची बॅटरी रात्री पेटली तर घरातले सगळे आत आणि आग दारात. रॅकमधले चपला-बूट, वर लटकवलेल्या छत्र्या नि रेनकोट, सगळं रबर आणि प्लॅस्टिक. याहून वाईट जागा मला सुचत नाही, आणि निम्म्याहून जास्त घरांत बॅटरी तिथेच असते.

दुसरी वाईट जागा म्हणजे जिथे माणसं झोपतात ती. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत हॉलमध्ये चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा पहाटे स्फोट झाला. त्याच हॉलमध्ये सात वर्षांचा मुलगा झोपला होता. काही दिवसांनी रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. त्याच वर्षी तमिळनाडूत वेल्लोरला आणि आंध्रात विजयवाड्यालाही घरात लावलेल्या बॅटरीने माणसं गेली.

मग लावायची कुठे? छप्पर असलेली, हवा खेळती असलेली बाल्कनी, जी बाहेर पडायच्या वाटेवर नाही, ही पहिली पसंती. तिथे वाळत घातलेले कपडे, रद्दी, गवताची शोभेची चटई, गॅसचा जादा सिलिंडर असं काही दोन-तीन हातांच्या आत नको. खाली फरशी असावी. लाकडी स्टूल, गादी, पायपुसणं काही नको. बाल्कनीवर दुपारचं ऊन येत असेल तर ऊन उतरल्यावर लावा. बाल्कनी नसेल तर स्वयंपाकघरापासून आणि दारापासून दूरची, दार बंद करता येईल अशी खोली. जिन्यात किंवा मजल्यावरच्या पॅसेजमध्ये लावणं अजिबात नको. तिथे तुमचीच नाही, वरच्या सगळ्या मजल्यांची वाट अडते.

रात्री लावून झोपतो. भरल्यावर चार्जर आपोआप बंद होतो ना?

होतो. चांगल्या बॅटरीत बीएमएस नावाचं सर्किट असतं, ते प्रत्येक सेलवर लक्ष ठेवतं आणि गरज पडली की चार्जिंग तोडतं. पण बीएमएसला आतल्या सेलमधला शॉर्ट थांबवता येत नाही, आणि स्वस्त पॅकमधला बीएमएस कधी मेला हे कळतही नाही.

खरा मुद्दा तुम्ही जागे असण्याचा आहे. जागं माणूस वास घेतो, फुसफुस ऐकतं आणि दोन मिनिटांत घराबाहेर असतं. झोपलेलं माणूस धुराने बेशुद्ध होतं. संध्याकाळी घरी आल्यावर अर्धा-पाऊण तास बॅटरी थंड होऊ द्या, जेवणाच्या सुमारास लावा, झोपायच्या आधी काढा. विदर्भात, मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत तर हा थंड होण्याचा वेळ तासभर धरा. उन्हात तापलेल्या सीटखालून काढलेली बॅटरी हाताला कोमट लागतेय तोवर चार्जरला जोडू नका.

आणि एक. ज्यांना रात्रीच लावावी लागते, त्यांनी सेलवर चालणारा धूर ओळखणारा अलार्म छताला लावावा. मोठा खर्च नाही, वायरिंगही लागत नाही.

कुठल्या सॉकेटला लावू? एमसीबी आहे, तेवढं पुरे ना?

सुट्या बॅटरीचे बहुतेक चार्जर तीनशे ते साडेसातशे वॅटचे असतात. म्हणजे इस्त्रीपेक्षा कमी. कागदावर सहा अँपिअरच्या साध्या सॉकेटला ते झेपतं. पण इस्त्री पंधरा-वीस मिनिटं चालते आणि तीही थांबत थांबत. चार्जर चार-पाच तास सलग ओढतो, रोज.

मागच्या वर्षी एका घरी गेलो होतो. तक्रार काय, तर “चार्जर मध्येच बंद पडतो.” प्लग ओढला तर निघेना. जोर लावून काढला तेव्हा सॉकेटचा एक कान पिनेला चिकटून बाहेर आला. पांढरं प्लॅस्टिक त्या भोकाभोवती आधी पिवळं, मग तपकिरी, मग काळं, असं वर्तुळावर वर्तुळ झालेलं होतं. घरातल्या आजी म्हणाल्या, “मला महिनाभर मासळीसारखा वास येत होता, पण शाकाहारी घरात कुणाला सांगू?” जळणाऱ्या बेकेलाइटचा वास तसाच असतो. त्यांचं नाक बरोबर होतं.

त्या घरात एमसीबी होता, आरसीसीबीही होता. दोन्ही पडले नाहीत, आणि पडायचं कारणच नव्हतं. एमसीबी पडतो करंट वाढला तर. आरसीसीबी पडतो करंट जमिनीकडे गळाला तर. सॉकेट सैल असेल तर करंट तेवढाच राहतो, फक्त सैल जोडावर उष्णता होते. ती ओळखणारं यंत्र म्हणजे तुमचा हात. चार्जिंग सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने प्लगच्या पाठीला हात लावून बघा. कोमट ठीक. चटका बसतोय म्हणजे आजच्या आज वायरमन बोलवा.

माझा सल्ला : बॅटरीसाठी सोळा अँपिअरचा स्वतंत्र पॉवर पॉइंट घ्या, गिझरला असतो तसा, मेन बोर्डापासून वेगळी वायर ओढून आणि खरं अर्थिंग देऊन. ‘खरं’ म्हणतो कारण जुन्या इमारतींत तिसऱ्या भोकामागे वायरच नसते, हे मी शेकड्याने पाहिलंय. थ्री-पिनची जाड पिन कापून टू-पिनमध्ये बसवायची कलाही आपल्याकडे आहे. ती करू नका. मल्टिप्लग आणि लांबचलांब एक्स्टेन्शन बोर्डही नको, त्यातही वायर गुंडाळून ठेवलेला तर नकोच.

कंपनीचा चार्जर महाग आहे. त्याच व्होल्टचा दुसरा चालतो का?

‘४८ व्होल्ट’ हे नाव आहे, मोजमाप नाही. इथेच घोटाळा होतो.

तेरा सेलच्या रांगेची लिथियम बॅटरी ४८ व्होल्टची म्हणून विकली जाते आणि ५४.६ व्होल्टला पूर्ण भरते, म्हणजे प्रत्येक सेल ४.२ व्होल्टला. चार लेड-अॅसिड बॅटऱ्या जोडल्या तरी नाव ४८ व्होल्टच, पण त्यांचा चार्जर ५८-५९ व्होल्टपर्यंत जातो. तो लिथियमला लावला आणि बीएमएसने हात टेकले तर प्रत्येक सेलच्या वाट्याला साडेचार व्होल्ट येतात. ४.२ च्या पुढचं सगळं धोक्याचं. पिन मात्र दोन्ही चार्जरची सारखीच बसते, आणि दुकानदार सांगतो, “बसतंय ना, मग चालतंय.”

म्हणून चार्जर कंपनीचाच, नाहीतर बॅटरीवर छापलेला शेवटचा व्होल्टेज आणि अँपिअर दोन्ही तंतोतंत जुळणारा.

जुन्या स्कूटरमध्ये लेड-अॅसिड काढून लिथियम पॅक बांधून घेतला तर?

बांधून देणारा कोण आहे यावर सगळं आहे, आणि तुम्हा-आम्हाला ते तपासता येत नाही. लॅपटॉपमधून काढलेले जुने सेल नवी निळी पट्टी चढवून विकले जातात. २०२२ च्या आगींनंतर केंद्राने एआयएस-१५६ हे मानक कडक केलं. पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. दुचाकी घेताना त्यानंतर बनलेली, या मानकाला उतरलेली बॅटरी आहे का हे विचारा. गल्लीत बांधलेल्या पॅकला यातलं काहीच लागू पडत नाही. मी माझ्या घरात असा पॅक आणणार नाही.

आमची एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट, लिथियम बॅटरीचाच एक प्रकार) आहे. ती पेटत नाही म्हणतात.

कमी पेटते, उशिरा पेटते, उष्णताही कमी सोडते. पेटतच नाही असं नाही, आणि तिच्यातून निघणारा वायू तितकाच विषारी आणि जळणारा. जागेचे नियम तेच.

बॅटरी बिघडत चालली हे ओळखायचं कसं?

फुगवटा, चिकट ओल, केस फुटलेली, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर वास. पूर्वी चार तास लागायचे ते आता दोनच लागतात, किंवा रेंज एकदम निम्म्यावर आली. चार्ज होताना एकच कोपरा जास्त गरम. यातलं एकही असेल तर चार्जिंग बंद. स्कूटर पडली आणि बॅटरीला मार बसला असेल तर वरून काही दिसत नसलं तरी दाखवून घ्या. आतला पापुद्रा दुखावलेला असला तर तो त्याच दिवशी बोलेल असं नाही.

धूर यायला लागला. पहिलं काय करायचं?

सगळ्यांना उठवून बाहेर पडा. लिथियम बॅटरीतून आधी पांढरा, वाफेसारखा दिसणारा लोट येतो. लोक त्याला वाफ समजून जवळ जातात, फोटो काढतात. ती वाफ नाही. त्यात हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड असतो, हायड्रोजन फ्लोराइड असतो. फुसफुस ऐकू येण्यापासून ज्वाळा येईपर्यंत कधी मिनिट मिळतं, कधी तेवढंही मिळत नाही.

बॅटरी उचलून खिडकीतून फेकायचा मोह होईल. नको. दहा किलोची पेटती बॅटरी घेऊन तुम्ही चार पावलंसुद्धा जाणार नाही. त्या खोलीचं दार मागे ओढून घ्या, त्याने धूर बराच वेळ अडतो. मेन स्विच वाटेत असेल तर पाडा, वाट वाकडी करून नको. लिफ्ट नको, जिन्याने उतरा, उतरताना शेजारच्यांची दारं वाजवा. खाली येऊन १०१ किंवा ११२ ला फोन करा आणि पहिल्याच वाक्यात सांगा की लिथियम बॅटरी पेटली आहे.

घरात आग विझवायचा लाल सिलिंडर आहे. तो मारू का?

पावडरचा सिलिंडर ज्वाळा दडपतो, पण आतल्या सेलना थंड करत नाही. मिनिटभराने पुन्हा पेट घेते. पडदा किंवा रॅक पेटला असेल आणि तुमची पाठ मोकळ्या दाराकडे असेल तर त्यासाठी जरूर मारा. बॅटरीला हवं असतं पाणी, भरपूर आणि बराच वेळ. ‘लिथियमवर पाणी नको’ हे शाळेत शिकलेलं शुद्ध लिथियम धातूबद्दल होतं. या बॅटऱ्या थंड करायला अग्निशमन दल पाणीच वापरतं. पण ते काम त्यांचं, तोंडाला मास्क लावून. विझलेली बॅटरी काही तासांनी, क्वचित दुसऱ्या दिवशीही पुन्हा पेटते, म्हणून ती परत घरात आणू नका.

पार्किंगमध्ये पाणी शिरलं, स्कूटर बुडाली. वाळवून चार्ज करू?

२५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्याला एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हापासून हा प्रश्न पुण्यात दर पावसाळ्यात येतो. नाही. गढूळ पाणी आत गेलं की गंज आणि गाळ सर्किटवर बसतो आणि शॉर्ट कधीही होतो, अगदी आठवड्याने सुद्धा. कोकणात खारं पाणी, तिथे जास्तच जपा. बुडालेली गाडी इमारतीला चिकटून न ठेवता उघड्यावर लांब न्या आणि सर्व्हिस सेंटरला कळवा. तांदळात पुरण्याचा उपाय मोबाइललाही फारसा लागू पडत नाही, बॅटरीला तर नाहीच.

सोसायटी पार्किंगमध्ये चार्जिंगला परवानगी देत नाही. आमच्या बाजूने लिहाल का?

लिहितो, कारण कमिटीचं इथे चुकतं. पार्किंगमध्ये बंदी घातली की आग टळत नाही, बॅटरी लिफ्टने वर येते आणि चौथ्या मजल्यावर चपलांच्या रॅकशेजारी बसते. खाली, भिंतीपासून आणि मीटर रूमपासून लांब, वेगळ्या एमसीबी-आरसीसीबीवर दोन-चार पॉइंट काढून दिले तर सगळ्या इमारतीचा धोका उतरतो. विजेच्या ग्राहक हक्कांच्या नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती झाली, त्यानुसार गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागता येते. बिल कोणी भरायचं हा वाद त्यामुळे मिटतो.

आणि कमिटीने हेही बघावं : महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैमध्ये ‘फॉर्म बी’ भरून आगीची यंत्रणा चालू असल्याचं सांगायचं असतं. पाइपात पाणी नसताना भरलेला फॉर्म बी मी पाहिलाय. त्यापेक्षा दोन सॉकेट स्वस्त.

आमच्याकडे डिलिव्हरी करणारी पाच-सहा मुलं एका खोलीत राहतात, सगळ्यांच्या बॅटऱ्या तिथेच लागतात.

न्यूयॉर्कमध्ये नेमकं हेच झालं. तिथेही दाटीच्या घरांत डिलिव्हरीच्या ई-बाइकच्या बॅटऱ्या चार्ज व्हायच्या. २०२३ या एका वर्षात अशा आगींत १८ जण गेले, आणि त्या सप्टेंबरपासून शहराने प्रमाणित नसलेल्या बॅटऱ्या विकायलाच बंदी केली. खोलीत सहा बॅटऱ्या एकाच बोर्डावर असतील तर त्या मुलांवर ओरडू नका, त्यांना दुसरी जागा नाही. घरमालक असाल तर तळमजल्यावर उघडा, छप्पर असलेला कोपरा आणि चार पॉइंट द्या. तोवर एका वेळी एकच बॅटरी लावायची, आणि ती दारापासून दूर.

मोबाइल आणि पॉवर बँकचं काय?

मोबाइलच्या बॅटरीत स्कूटरच्या सुमारे शंभराव्या हिश्श्याएवढी ऊर्जा असते. घर जाळायला गादी पेटवली तरी पुरते, म्हणून उशीखाली, पांघरुणात चार्जिंग नको. पॉवर बँकवर बीआयएसचा नोंदणी क्रमांक असतो, तो ‘बीआयएस केअर’ अॅपवर टाकून बघा. खोटे क्रमांक बिनदिक्कत छापलेले असतात. मागचं झाकण उचललेला मोबाइल, म्हणजे बॅटरी फुगलेला, दाबून बंद करायचा प्रयत्न करू नका. माझ्या मेहुण्याने रबरबँड लावून तीन महिने वापरला. बोलून उपयोग नव्हता, दिवाळीत नवा घेऊन दिला.

इन्व्हर्टरच्या बॅटरीलाही हे सगळं लागू आहे?

पाणी घालावं लागतं ती लेड-अॅसिड, तिची गोष्ट वेगळी. तिच्यातून हायड्रोजन निघतो, तेव्हा हवा खेळती हवी आणि जवळ समई-उदबत्ती नको. नवे लिथियम इन्व्हर्टर आलेत, त्यांना वरचं सगळं लागू.

महिनाभर गावी जातोय. बॅटरी कशी ठेवू?

निम्मी भरलेली, चार्जरपासून काढून, सावलीत. भरलेली बॅटरी बिघडली तर जास्त जोरात पेटते. विमानातून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून पाठवताना २०१६ पासून ३० टक्क्यांच्या वर चार्ज ठेवू देत नाहीत, ते याचसाठी.

खराब झालेली बॅटरी टाकायची कुठे?

घंटागाडीत नाही. गाडीत कचरा दाबला जातो, बॅटरी चेपली की गाडीच पेटते, आणि मागे उभा असतो तो कर्मचारी भाजतो. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे वापरलेली बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे, तेव्हा जिथून घेतली तिथे नाहीतर सर्व्हिस सेंटरला न्या. टोकांवर चिकटपट्टी लावा, पिशवीत किल्ल्या किंवा सुटी नाणी नकोत. भंगारवाला वजनावर पैसे देईल, जास्तही देईल. तो ती हातोडीने फोडणार आहे, आणि त्याच्या दुकानाच्या वर बहुतेक त्याचं घर असतं.